गहाण घराचा हिशेब

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. तीत आज ‘कर्ज पाहावे फेडून’ एवढी भर घालणे अवश्य झाले आहे; कारण मध्यम स्थितीच्या गृहस्थाचे शहरातील घर बहुधा पंधरा-वीस वर्षांच्या कर्जावर उभे राहते, आणि शेवटचा हप्ता पोहोचेपर्यंत त्या घरावर धनकोचा बोजा राहतो.

गहाण म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. गृहकर्जात बहुधा त्यांपैकी एकच आढळतो, तो म्हणजे घराचे मूळ दस्तऐवज धनकोच्या स्वाधीन करून ठेवण्याचा. मालकी ऋणकोचीच राहते. आणि सर्व रक्कम फेडून घर सोडवून घेण्याचा त्याचा हक्क त्याच अधिनियमाच्या साठाव्या कलमाने राखून ठेविला आहे. परंतु हा हक्क उपयोगी पडावयाचा, तर फेडीचा हिशेब ऋणकोस आरंभापासून कळला पाहिजे.

हिशेब न कळता अंगठा उठविल्याने काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७५ साली सुपे येथे आणि त्यामागोमाग पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. खतातील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला, आणि पावती व हिशेब देण्याचे बंधन सावकारांवर आले. आजचा धनको ही बँक आहे आणि खत छापील आहे. तथापि ऋणकोचे पहिले संरक्षण तेच आहे. ते म्हणजे सहीपूर्वी हिशेब समजून घेणे.

याच हेतूने रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांच्या मुख्य अटींचे एक विहित पत्रक ऋणकोस देणे सक्तीचे केले आहे. त्यात व्याजाचा दर, सर्व आकार आणि ते सारे जमेस धरून होणारा एकूण वार्षिक दर दाखविलेला असतो. जो आकार या पत्रकात नाही, तो ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. विचारासाठी निदान तीन कामकाजाचे दिवसही मिळतात. म्हणून दोन बँकांची तुलना करावयाची ती जाहिरातीतील दरावरून नव्हे, तर या एकूण वार्षिक दरावरून. कर्जाबरोबर विमा सुचविला जातो. तो इष्ट असेलही. मात्र त्याची रक्कम कर्जात मिळविली, तर तीवरही वर्षानुवर्षे व्याज चढते, हे ध्यानात असावे.

यापुढे प्रश्न येतो तो मुदतीचा, आणि पुष्कळ गृहस्थ फसतात ते येथेच. वीस लाख रुपये नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,९९५ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते ते अवघे २,९९५ रुपये. हेच कर्ज तीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १६,०९२ रुपये होतो. दरमहा एकोणीसशे रुपयांची ही सवलत गोड वाटते. पण अखेरीस ४३ लाख १९ हजारांच्या ऐवजी ५७ लाख ९३ हजार रुपये भरावे लागतात. म्हणजे या सवलतीची किंमत सुमारे पावणेपंधरा लाख होते.

दर बदलता असेल, तर ही मुदत ऋणकोच्या नकळतही वाढू शकते. दर चढला म्हणजे हप्ता तोच ठेवून महिने वाढविण्याची चाल आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे अशा वेळी हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, हे निवडण्याची संधी ऋणकोस दिली पाहिजे. हप्ता वाढविण्याची शक्ती असेल, तर तोच मार्ग स्वीकारणे हिताचे.

कर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेण्याचाही असाच विचार करावा. वरील गृहस्थाने आठ वर्षे हप्ते भरल्यावर सुमारे १५ लाख ८१ हजार रुपये शिल्लक राहतात. दुसरी बँक साडेआठ टक्के दर देऊ लागली आणि त्याने उरलेली बाराच वर्षे कायम ठेविली, तर एकंदरीत सुमारे ६४ हजार रुपये वाचतात. परंतु नव्याने वीस वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता १३,७२२ रुपयांवर उतरूनही अखेरीस सात लाख रुपये अधिक जातात. दर उतरला, तरी कर्ज महाग झाले! व्यक्तीने स्वतःच्या घरासाठी बदलत्या दराने घेतलेले कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड द्यावा लागत नाही. तथापि नव्या बँकेची प्रक्रिया फी, घराच्या मूल्यांकनाचा खर्च आणि मुद्रांक शुल्क ही त्या बचतीतून वजा करावी. त्याआधी जुन्याच बँकेस दर कमी करण्याविषयी लेखी विचारून पाहावे. पुष्कळदा काम तेथेच होते.

संकट आले, तर मौन हा सर्वांत वाईट उपाय होय. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला, म्हणजे खाते अनुत्पादक ठरते. आणि २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक साठ दिवसांची नोटीस देऊ शकते. त्या नोटिशीस लेखी हरकत घेता येते, आणि तिचे कारणांसह उत्तर पंधरा दिवसांत देणे बँकेवर बंधनकारक आहे. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली, तर पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र नोकरी सुटली किंवा आजारपण आले की नोटिशीची वाट न पाहता स्वतः बँकेकडे जाऊन सवलत मागणे हेच शहाणपणाचे.

कर्ज फिटल्यावरही एक काम उरते. मूळ दस्तऐवज तीस दिवसांच्या आत परत मिळाले पाहिजेत आणि नोंदलेला बोजा उतरविला गेला पाहिजे. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणून दस्तऐवज स्वाधीन करतेवेळी त्यांची यादी करून तीवर बँकेची सही घ्यावी आणि ती कर्ज फिटेपर्यंत जपून ठेवावी. वीस वर्षांनी मागणी करावयाची ती याच कागदाच्या आधाराने.