मर्ग दाखल: मोर्शीच्या गावातला अकस्मात मृत्यू

1853च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, पण मुलूख कागदोपत्री निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे वऱ्हाडातल्या मोर्शीत लागू करायला वेगळी अधिसूचना काढावी लागे.

गावात कुणी अचानक दगावले, की वर्दी देण्याची जबाबदारी पाटलावर. मग पोलीस येत आणि पंचांसमोर प्रेताचा पंचनामा होई. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 मध्ये आत्महत्या, खून, जनावर, अपघात यांच्या जोडीला ‘यंत्र’ही होते. कापूस पिकवणाऱ्या, जिनिंगच्या यंत्रांच्या या मुलखात तो शब्द अनाठायी नव्हता.

खरा प्रश्न विहिरीचा. विहिरीत सापडलेली सून पाय घसरून पडली, तिने जीव दिला की तिला ढकलले? पाटीलही त्याच गावचा, पंचही तिथलेच. पहिली वर्दी त्यांच्या तोंडची, आणि पुढचा तपास बहुधा तिच्यावरच उभा राही. लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूसाठी शवविच्छेदनाची खास तरतूद नंतरच्या संहितेतल्या याच क्रमांकाच्या कलमात आली, ती थेट 1983 साली. इतका उशीर अक्षम्य आहे.