बाहुली तीच, हात बदलले!

मपेट चित्रपटांची गोडी खरोखरच कमी झाली आहे काय?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घराघरांतून एकच गाऱ्हाणे ऐकू येते. मुले मोबाइल सोडीत नाहीत! आमचे घरही त्याला अपवाद नाही. म्हणून यंदा आम्ही निराळा प्रयोग केला. मोबाइल हिसकावून घेण्याऐवजी तो टीव्हीला जोडला आणि दर शनिवारी व रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर सगळ्या घराने मिळून एकच सिनेमा बघायचा असे ठरविले.

निवड केली ती अमेरिकेतल्या ‘मपेट’ नावाच्या बाहुल्यांच्या चित्रपटांची. १९७९ ते २०१४ या पस्तीस वर्षांत चित्रपटगृहांसाठी असे ८ चित्रपट निघाले. चार आठवड्यांत आम्ही ते आठही पाहिले. प्रेक्षक पाच. आम्ही, आमच्या सहचारिणी, नववीतली कन्या, पाचवीतला चिरंजीव आणि आमच्या मातोश्री. चित्रपट इंग्रजी, आणि मातोश्रींना इंग्रजीचा गंध नाही. तेव्हा नातीने आजीला मराठीतून गोष्ट सांगत जायची, असा करार झाला.

कचेरीतल्या एका सहकाऱ्यांनी आम्हांला आधीच बजावले होते, “जुने तेवढे बघा. नव्यांत ती मजा राहिलेली नाही.” हे म्हणणे पुष्कळांचे आहे. परंतु वाचकहो, जुने ते सोने असे म्हणणारा माणूस पुष्कळदा सिनेमाबद्दल बोलत नसतो, तर आपल्या बालपणाबद्दल बोलत असतो. आमच्या बालपणी आमच्या वस्तीत हे चित्रपट कधी आलेच नाहीत. त्यामुळे जुने आणि नवे आम्हांला सारखेच परके होते. असा पंच निःपक्षपाती असतो, असे आम्हांस वाटले.

आईच्या कोटातला बेडूक

या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन. जन्म १९३६ सालचा, मिसिसिपी राज्यातला. १९५५ साली, म्हणजे ऐन कॉलेजच्या वयात, त्यांनी वॉशिंग्टनच्या एका टीव्ही केंद्रावर बाहुल्यांचा छोटा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी आईचा जुना हिरवा कोट कापून एक बाहुली शिवली आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन तुकडे करून तिला डोळे लावले. हाच पुढे जगभर गाजलेला कर्मिट बेडूक!

ही बाहुली दोऱ्यांवर नाचत नाही. खेळ करणारा आपला एक हात तिच्या डोक्यात घालून तोंड हलवितो, दुसऱ्या हाताने बारीक काड्यांच्या आधारे तिचे हात हलवितो आणि आवाजही तोच काढतो. स्वतः खाली दडून राहायचे आणि समोरच्या छोट्या पडद्यावर आपली बाहुली कशी दिसते ते बघत काम करायचे. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात कर्मिट दलदलीत ओंडक्यावर बसून वाद्य वाजवितो. त्या प्रसंगी हेन्सन लोखंडी टाकीत बसून पाण्याखाली होते. हे कन्येने सांगितले तेव्हा मातोश्रींनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, “पोटासाठी माणूस काय काय करतो गं!”

हेन्सन यांच्या बाहुल्यांनी १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा कार्यक्रम गाजविला. गरीब वस्त्यांतील मुलांना शाळेत जाण्याआधी अक्षरे व आकडे यावेत हा त्याचा हेतू. त्यात काळी-गोरी माणसे आणि मुले एकाच गल्लीत एकत्र राहताना दाखविली होती. तेवढ्याच कारणावरून मे १९७० मध्ये मिसिसिपीच्या सरकारी मंडळाने आपल्या टीव्हीवर तो दाखवायचा नाही असे ठरविले. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला आणि काही आठवड्यांतच त्या मंडळाला निर्णय फिरवावा लागला. हेन्सन यांचा जन्म ज्या राज्यातला, त्याच राज्यात हे घडले. आपल्याकडे २००६ साली ‘गली गली सिम सिम’ आले. त्यातली शाळेचा गणवेश घातलेली चमकी ही याच कुळातली.

ज्याची जात कुणी विचारली नाही

१९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘मपेट शो’चे १२० भाग झाले आणि तो चालू असतानाच सिनेमे सुरू झाले. पहिल्या चित्रपटाची गोष्ट साधी आहे. दलदलीत राहणाऱ्या कर्मिटला कुणी सांगते की तुझ्या अंगच्या गुणांनी लाखो लोकांना आनंद देता येईल. तो सिनेमानगरीच्या वाटेला लागतो. वाटेत फॉझी अस्वल भेटते, मिस पिगी भेटते, गॉन्झो भेटतो. ज्याला कुणी विचारीत नाही असा एकेक जण गाडीत चढत जातो.

आणि पाठीमागे लागतो एक धनाढ्य हॉटेलवाला. बेडकांच्या तळलेल्या पायांचा त्याचा धंदा. त्याला जाहिरातीसाठी कर्मिट हवा आहे. पैसा भरपूर देतो म्हणतो. आपल्याच भाईबंदांचे पाय विकण्यासाठी आपण हसतमुखाने उभे राहायचे! कर्मिट नकार देतो, आणि जिवावर बेतले तरी नकारच देतो. हा प्रसंग बघताना आमच्या घरात कुणी हसत नव्हते.

आता गॉन्झोचे घ्या. बेडूक बेडूक आहे, अस्वल अस्वल आहे. पण लांब वाकड्या नाकाचा हा निळा गॉन्झो कोण, ते कुणालाच माहीत नाही. १९८१ च्या चित्रपटात तिघे खोक्यांत बसून विमानाने लंडनला जातात. एका खोक्यावर ‘बेडूक’, दुसऱ्यावर ‘अस्वल’ आणि गॉन्झोच्या खोक्यावर ‘काहीतरी’ अशा अर्थाचा शब्द! पण मंडळीत त्याची जागा पक्की. तू कोण, कुठला, कुणाचा, असे विचारण्याची त्यांच्यात रीतच नाही. १९८४ च्या चित्रपटात हीच मंडळी नाटक घेऊन न्यूयॉर्कला जातात. पैसा संपतो, तेव्हा आपला भार कर्मिटवर नको म्हणून एकेक जण निमूटपणे काम शोधायला निघून जातो. कुणी सिनेमागृहात नोकरी धरतो, कुणी कुत्र्यांचा सांभाळ करतो. मुंबईत पोट भरायला आलेल्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

हात बदलला तेव्हा

१६ मे १९९० रोजी हेन्सन यांचे अवघ्या ५३ व्या वर्षी निधन झाले. कर्मिटच्या आतला हात गेला. पुष्कळांचे म्हणणे असे की गोडी तेथेच संपली.

आम्हांला हे पटले नाही, आणि त्याला पुरावा आहे १९९२ चा चित्रपट. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळच्या गोष्टीवरचा हा सिनेमा हेन्सन यांचे चिरंजीव ब्रायन यांनी दिग्दर्शित केला. कर्मिटची बाहुली स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हाती होती. यात कर्मिट झाला आहे कारकून! कंजूष मालक स्क्रूजच्या कचेरीत तो खर्डेघाशी करतो. कचेरीत थंडीने हात गारठलेले. हिशेब लिहिणारे उंदीर थोडा जास्त कोळसा मागतात. मालक नोकरीवरून काढण्याची धमकी देतो, तेव्हा तेच उंदीर क्षणात उन्हाळा आल्याचे सोंग घेतात. वर्षाकाठी एका दिवसाची सुट्टी मागायची तर कर्मिटच्या तोंडातून शब्द फुटत नाही. घरी आजारी मूल. मायकेल केन या नटाने स्क्रूज इतका गंभीरपणे केला आहे की समोर बाहुल्या आहेत हे आपण विसरतो.

मातोश्री शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, “हा बेडूक तुझ्यासारखाच कारकून दिसतो रे.” मग नातीने त्यांना सांगितले की आजी, या बेडकाचा मूळ माणूस वारला होता, हा दुसऱ्याचा हात आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “माणूस गेला तर गेला. त्याचा हात कुठून आणणार? पण काम तर तेच करता येतं का न्हाई?”

आपल्या महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव त्यांच्या पश्चात रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसला आणि तितकाच रंगला. तेव्हा हात बदलला म्हणून बाहुली मरत नाही.

मग बिघडले कुठे?

१९९६ च्या खजिन्याच्या बेटाच्या चित्रपटात धमाल पुष्कळ आहे. परंतु कर्मिट आणि पिगी फार उशिरा येतात. १९९९ च्या चित्रपटात निर्मात्यांनी गॉन्झोचा वंश शोधून काढला. तो म्हणे परग्रहावरचा! ज्याला वीस वर्षे कुणी कूळ विचारले नाही, त्याला कूळ चिकटविले. शेवटी गॉन्झो आपल्या रक्ताच्या लोकांबरोबर न जाता मित्रांपाशीच राहतो, एवढे बरे केले. पण एक सुंदर कोडे सोडवून टाकल्याची रुखरुख राहतेच.

२००४ साली या बाहुल्या डिस्ने कंपनीच्या मालकीच्या झाल्या. २०१४ च्या चित्रपटात कर्मिटसारखाच दिसणारा एक अट्टल गुन्हेगार बेडूक त्याची जागा घेतो आणि खरा कर्मिट सैबेरियाच्या तुरुंगात पडतो. एक ॲनिमल सोडला तर मित्रांना फार उशिरापर्यंत पत्ता लागत नाही. मातोश्री चिडल्या. “इतकी वर्षं एका ताटात जेवले आणि ओळखू येईना?” आमच्या मते नव्या चित्रपटांचे दुखणे त्यांनी नेमके पकडले. कपडा तोच, रंग तोच, पाहुण्या नटांची रांग तीच. पण एकमेकांची ती जिव्हाळ्याची ओळख पातळ झाली. आधीच्या चित्रपटाच्या मानाने याची कमाई जवळपास निम्म्यावर आली, यात नवल नाही.

जुन्या चित्रपटांत ही मंडळी काहीतरी करायला निघालेली असतात. लोकांना आनंद द्यायचा असतो, नाटक उभे करायचे असते, कारकुनाच्या घरची चूल पेटती ठेवायची असते. नव्यांत ती आपण किती प्रसिद्ध होतो याच्याच आठवणी काढीत बसतात. ज्या संस्थेत काम थांबते आणि केवळ जुन्या दिवसांचे सोहळे उरतात, तिची गत आपण पाहिलेली आहे. बाहुल्यांची गत निराळी कशी होईल?

खोडावा लागलेला निकाल

एवढा निकाल आम्ही मनाशी लिहून ठेवला होता. पण तो अर्धा खोडावा लागला, आणि तो चिरंजीवांमुळे.

२०११ चा चित्रपट आम्ही वेळापत्रक चुकवून सर्वांत शेवटी पाहिला. त्यातही जुन्या आठवणींचाच बाजार आहे. मोडकळीला आलेले मपेटांचे नाटकगृह तेलाचा धनाढ्य व्यापारी पाडणार, म्हणून विखुरलेली मंडळी पुन्हा एकत्र येतात. पिगी आणि फॉझी ज्यांच्या हातून घडली ते फ्रँक ऑझ या चित्रपटापासून दूर राहिले. बाहुल्यांच्या स्वभावाचा मान राखला गेला नाही, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. आम्हीही नाक मुरडण्याच्या बेतात होतो.

पण त्यात वॉल्टर नावाची एक नवी बाहुली आहे. त्याचा भाऊ माणूस. भाऊ दरवर्षी उंच होतो, वॉल्टर तेवढाच राहतो. सगळ्या गावात त्याच्यासारखे कुणी नाही. आणि एके दिवशी टीव्हीवर त्याला मपेट दिसतात. आपल्यासारखे कुणीतरी या जगात आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळते.

आमचे चिरंजीव वर्गात सर्वांत बुटके आहेत. शाळेतून येऊन गप्प बसतात. कारण विचारले तर सांगत नाहीत. त्या रात्री सिनेमा संपल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले, “पप्पा, तो वॉल्टर माझ्यासारखा आहे ना?” आणि मग शाळेत कोण काय चिडवते ते सगळे हळूहळू सांगितले. सहचारिणी उठून बसल्या. रात्री बारापर्यंत आम्ही तिघे बोलत होतो.

ज्या चित्रपटाने हे बोलणे घडविले, त्याला गोडी नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

तेव्हा बंधू-भगिनींनो, जुने चांगले आणि नवे टाकाऊ अशी सरसकट वाटणी करू नका. नव्या चित्रपटांत कस कमी आहे, हे खरे. पण जेथे एखाद्या एकट्या पडलेल्या जिवाची गोष्ट खरेपणाने येते, तेथे कस अजून शिल्लक आहे. मुलांना दाखवायचे असेल तर १९७९ चा पहिला चित्रपट आधी दाखवा, मग १९९२ चा कारकुनाचा आणि त्यानंतर २०११ चा. बाकीचे सवडीने. आणि एक करा. मुलांना मोबाइल देऊन आपण आपल्या कामाला जाऊ नका. शेजारी बसा. सिनेमा संपल्यावर लगेच दिवा मालवू नका. मुलाला काही सांगायचे असेल, तर ते त्याच पाच मिनिटांत सांगायचे असते.