पाऊस त्र्यंबकला, पाणी दुसरीकडे : ‘भूगोलाने समाज घडवला’ हे वाक्य तपासायचं कसं?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की ‘भूगोलाने समाज घडवला’ हे वाक्य पहिल्याच पानावर येतं. नाईल होती म्हणून इजिप्त उभा राहिला, मोसमी वारे होते म्हणून व्यापार वाढला, वगैरे. वाचायला छान वाटतं. पण पेटच्या मुलाखतीत कुणी विचारलं, “हे खोटं ठरवायचं असेल तर तुम्ही काय मोजाल?” तर गाडी अडते. उत्तर शोधायला नाईलपर्यंत जायची गरज नाही. त्र्यंबकेश्वर पुरेसं आहे.

आधी जमीन समजून घेऊ. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. ब्रह्मगिरीचे कडे आणि मधल्या पायऱ्या म्हणजे हेच थर. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथेच रिकामे होतात. त्यामुळे त्र्यंबकला वर्षाला सरासरी 2,000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तीसेक किलोमीटर पूर्वेला, नाशिकला, तो 700 च्या आसपास येतो. अजून पुढे, सिन्नर-निफाडकडे, 500 च्या घरात. एकाच जिल्ह्यात एवढा फरक! अभ्यासकाला आयती प्रयोगशाळाच म्हणा ना.

इथून पाणी दोन दिशांना जातं. गोदावरी पूर्वेला वळते. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना ती सुमारे 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, कारण पठाराचा उतार तिकडे आहे. याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला जाते, आणि वाटेतल्या धरणांमधून तिचं पाणी मुंबईच्या नळांना पोचतं.

आता भूगोलाच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा कुठला, तर घाटवाटा. सह्याद्रीची भिंत सगळीकडून ओलांडता येत नाही. थळ घाट, नाणेघाट अशा मोजक्या खिंडी आहेत. कल्याण, सोपारा या बंदरांचा माल याच वाटांनी वर येई आणि पैठण, तेर अशा बाजारांकडे जाई. म्हणून सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातली झुंज याच पट्ट्यात झाली. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणांची ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे : 2,000 एका श्रेणीकडे, 1,000 दुसरीकडे, व्याजदर वेगवेगळे. (मुदत ठेवीचा हा बहुतेक सगळ्यात देखणा दगडी कागद असावा.) गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ गोदाकाठी आहे.

पण थांबा. खिंड भूगोलाने दिली. श्रेणी, ठेव आणि व्याज माणसांनी उभं केलं. जॅरेड डायमंड यांच्या ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ (1997) या गाजलेल्या पुस्तकावर जी टीका झाली, तिचा रोख साधारण हाच आहे. खंडांचा आकार, पाळीव होऊ शकणारे प्राणी, पेरता येणारी धान्यं यांनी हजारो वर्षांच्या पातळीवर बरंच काही उलगडतं. पण दोन शेजारी गावं वेगळी का, इथे आलं की ते स्पष्टीकरण विरळ होतं. म्हणून तुमच्या आराखड्यात आधी पातळी ठरवा. तुम्ही खंडाबद्दल बोलताय की तालुक्याबद्दल?

तालुक्याच्या पातळीवर त्र्यंबकचं कोडं असं आहे. ‘जिथे पाणी तिथे समृद्धी’ हे खरं असेल, तर जास्त पावसाचा त्र्यंबक तालुका श्रीमंत आणि निफाड गरीब असायला हवं. प्रत्यक्षात द्राक्षबागा निफाड-दिंडोरीकडे आहेत. त्र्यंबकच्या पाड्यांवर भात, नागली, वरई होते आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यांपर्यंत दरी उतरतात. पावसाळा संपला की याच पाड्यांवरची कुटुंबं मजुरीसाठी द्राक्षबागांवर जातात. पाणी उतरलं तिकडे माणसंही उतरतात.

याला दोन स्पष्टीकरणं देता येतात, आणि खरी मेहनत ती वेगळी करण्यात आहे. पहिलं खडकाचं. काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत मुरतं. उतार तीव्र, माती पातळ, म्हणजे आलेला पाऊस तासाभरात ओढ्याला. दुसरं व्यवस्थेचं. दारणा धरण 1916 चं, गंगापूर 1965 चं, जायकवाडी 1976 चं. कालवे आखले गेले खालच्या जमिनींसाठी आणि शहरांसाठी. गुरुत्वाने वाहणारं पाणी धरणाच्या वरच्या पाड्याकडे चढत नाही, हे भौतिकशास्त्र झालं. पण पाड्यासाठी उपसा किंवा लहान साठवण का झाली नाही, याचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही. मला स्वतःला दुसरं स्पष्टीकरण जास्त वजनदार वाटतं. पण वाटणं हा पुरावा नव्हे, आणि खालचे लोक फुकट मजा मारतात असंही नाही. टंचाईच्या वर्षी गंगापूर-दारणातून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर येतात, प्रकरण न्यायालयापर्यंत जातं. समन्यायी वाटपाची तरतूद 2005 च्या राज्याच्या कायद्यातच आहे.

इथे कार्ल विटफोगेल यांचा 1957 चा सिद्धांत आठवेल : मोठं सिंचन म्हणजे मोठी नोकरशाही, आणि मोठी नोकरशाही म्हणजे हुकूमशाही. त्याला उत्तर याच जिल्ह्याच्या उत्तरेला, बागलाणात आणि पुढे धुळ्याकडे मिळतं. मोसम, पांझरा यांसारख्या नद्यांवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत वाटायची, एका फडात एकच पीक, पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. खरी गंमत पुढे आहे. शेतकऱ्याचा तुकडा सहसा प्रत्येक फडात असतो. पाणी कमी असलं की एखादा फड सरसकट कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. इथे राजा लागत नाही, हुकूमशहाही नाही. सामाईक संसाधन लोक स्वतः सांभाळू शकतात हे एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या पुस्तकात अनेक देशांतल्या उदाहरणांनी मांडलं, 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे पाटकरी ते रोज करत होता.

तर मुलाखतीतल्या प्रश्नाकडे येऊ. मोजायचं काय? खडक, उतार आणि पाऊस सारखे असलेले पाडे निवडा; काहींत गावाने सांभाळलेली साठवण आहे, काहींत नाही. साठवण आधी चांगल्या झऱ्याच्याच जागी बांधली गेली का, हेही तपासा, नाहीतर कारण आणि परिणाम उलटे व्हायचे. मग पावसाचे आकडे बाजूला ठेवून दोनच गोष्टी नोंदवा : मार्चअखेर विहिरीतली पातळी, आणि त्या महिन्यात गाव सोडून मजुरीला गेलेली घरं. साठवण असलेल्या आणि नसलेल्या पाड्यांत फरक दिसला नाही, तर खडकाचं पारडं जड. दिसला, तर ‘भूगोलाने घडवलं’ हे वाक्य पहिल्या पानावरून काढा आणि तिथे साठवण कुणी, केव्हा, कुणासाठी बांधली ते लिहा. भूजल विभागाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मिळतात, पण पाड्यांवर त्या विरळ आहेत. तिथली पातळी दोर आणि टेप घेऊन स्वतःच मोजावी लागते.