परदेशात मूल एकटे पडू नये

मूल शिकायला परदेशी निघाले की घरात फी, व्हिसा, राहण्याची जागा आणि जेवण यांची चर्चा महिनोन् महिने चालते. तिथे त्याची ऊठबस कोणाबरोबर असेल, हा विषय मात्र निरोपाच्या वेळी निघतो, आणि तोही ताकीद म्हणून : "कोणात मिसळू नकोस. कॉलेज आणि खोली, एवढंच बघ."

शहापूर-मुरबाडकडे ही ताकीद आमच्या चांगल्या परिचयाची आहे. मुरबाडचे मूल एसटीने कल्याणच्या कॉलेजात जाऊ लागले, शहापूरचे मूल आसनगावहून लोकल पकडू लागले, तरी अम्मी हेच सांगते. पण कल्याणचे मूल संध्याकाळी घरी येते, भावंडांत बसते. परदेशात ही ताकीद तंतोतंत पाळणारे मूल वर्षभर चार भिंतींत एकटे राहते. वाईट सोबतीची भीती खरीच आहे. पण एकटे पडलेले मूल मिळेल ती सोबत धरते, हेही तितकेच खरे आहे.

स्पेनमधल्या ग्रानाडा शहराचे उदाहरण घेऊ. स्पेनमधले शेवटचे मुस्लिम राज्य १४९२ मध्ये इथेच संपले. अल्हंब्राचे महाल आजही टेकडीवर उभे आहेत. १५३१ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या विद्यापीठात युरोपभरातून विद्यार्थी येतात. चार-पाच जणांनी मिळून फ्लॅट भाड्याने घेणे सर्रास चालते, म्हणजे स्वयंपाकघर आणि फ्रीज सामाईक. रात्रीचे जेवण नऊ-दहाला. मित्रमंडळी भेटतात ती बहुधा बारमध्ये. पेय मागवले की सोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते, तिला 'तापा' म्हणतात. पेय पुष्कळदा बिअर किंवा वाइन असते आणि बशीत डुकराचे मांस असू शकते. जिथे दोस्ती जमते, नेमकी तिथेच आपल्या मुलाची अडचण होते.

मग त्याने काय करावे? ज्या मेजावर दारू आहे तिथे बसायचे नाही, हे ज्याने घरून निघतानाच ठरवले आहे, त्याला दुसरी जागा सुचवता येते. ग्रानाडातच काल्देरेरिया गल्लीत मोरोक्कन पद्धतीच्या पुदिन्याच्या चहाची दुकाने आहेत. जवळच्या अल्बायसिन वस्तीत २००३ मध्ये नवी मशीद उघडली. जुम्याच्या नमाजला तिथे ओळखी होतात. स्पेनच्या विद्यापीठांच्या शहरांत भाषेची अदलाबदलही चालते : अर्धा तास तू माझ्याशी स्पॅनिश बोल, अर्धा तास मी तुझ्याशी इंग्रजी बोलतो. यात खर्च नाही, संकोच नाही आणि भाषाही येते. एखाद्या रविवारी हलाल गोश्त आणून फ्लॅटमधल्या सगळ्यांना आपल्या हातची बिर्याणी खाऊ घातली, तर आपले भांडे वेगळे का ठेवतो हे समजावून सांगायला वेगळी सभा घ्यावी लागत नाही.

हा प्रश्न आपल्या समाजात नवा नाही. जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांची धाकटी बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर मुंबईहून लंडनला गेल्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला. अंग आणि डोके झाकणारा आपला पोशाख त्यांनी तिथेही ठेवला. चेहरा मात्र उघडा असे. आणि त्या घरात बसून राहिल्या नाहीत. चहापान, भाषणे, लोकांच्या भेटीगाठी, सगळीकडे गेल्या. त्या काळी लंडनमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशन ही संस्था हिंदी विद्यार्थ्यांची आणि इंग्रजांची गाठ घालून देत असे. तिचे काम पाहणाऱ्या मिस बेक या अलीगढ कॉलेजचे प्राचार्य थिओडोर बेक यांच्या भगिनी. त्यांच्याच घरी एप्रिल १९०७ मध्ये अतियांची ओळख केंब्रिजला शिकणाऱ्या मुहंमद इक्बाल यांच्याशी झाली. पुढे १९३३ मध्ये कुर्तुब्याच्या मशिदीत नमाज पढणारे आणि माद्रिदला व्याख्यान देणारे इक्बाल ते हेच.

प्रकृतीमुळे अतियांचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही. तरीही ते वर्ष वाया गेले नाही. रोज काय पाहिले, कोण भेटले, हे त्या बहिणींना लिहून कळवत. ते लिखाण लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून आले आणि पुढे 'जमाना-ए-तहसील' या नावाने त्याचे पुस्तक झाले. तरुण मुलीने परदेशातल्या भेटीगाठी घरी लिहाव्यात आणि घरच्यांनी त्या लपवण्याऐवजी चारचौघींपुढे ठेवाव्यात, ही शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुलीची जबाबदारी जेवढी, तेवढीच ऐकणाऱ्या घराचीही.

आज पत्राची वाट पाहावी लागत नाही. स्पेनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. आपण रात्री दहाला फोन करतो तेव्हा तिकडे नुकती संध्याकाळ होत असते. "नमाज पढलास? जेवलास? अभ्यास झाला?" या तीन प्रश्नांना "हो, हो, हो" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी "आज कोणाबरोबर जेवलास?" असे विचारून पाहावे. उत्तरात अनोळखी नाव आले, दुसऱ्या धर्माचे आले, मुलीचे आले, तर आधी पुरते ऐकावे. पहिल्याच नावावर आवाज चढला, तर दुसऱ्या दिवसापासून "सगळं ठीक आहे" याखेरीज काही कानी येणार नाही. मग सल्ला द्यायचीही सोय उरत नाही.

कस्तुरी विकणारा आणि लोहाराचा भाता यांचे हदीसमधले उदाहरण आपण मुलांना सांगतो. चांगला सोबती निवड, हा त्याचा अर्थ. सोबतच करू नकोस, असा नव्हे. निवडायची सवय विमानतळावर लागत नाही, ती आधीच लावावी लागते. कल्याणला जाणाऱ्या मुलाचे चार मित्र कोण, ते आपल्याला नावाने माहीत असावेत. येत्या ईदला त्यांना शीरखुर्म्यासाठी घरी बोलवावे, आणि पुढे त्यांच्या घरी दिवाळीच्या फराळाला आपल्या मुलाला जाऊ द्यावे. काय खायचे, काय नाही, आणि नाही म्हणताना समोरच्याचे मन कसे दुखवायचे नाही, हे तो तिथेच शिकेल.