ट्रॅक्टरला रोटाव्हेटर, तसं लिनक्सला मॉड्यूल! शिकायचं असेल तर आधी हे वाचा

तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्स कर्नलवर चालतो. फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. त्याचा सगळा कोड आज कुणालाही फुकट वाचता येतो, बदलता येतो. त्यात हात घालायची पहिली पायरी म्हणजे कर्नल मॉड्यूल.

मॉड्यूल म्हणजे काय?

कर्नल म्हणजे मेमरी, डिस्क, यूएसबी यांचा कारभार बघणारा गाभा. ट्रॅक्टरचं इंजिन एकच असतं. मशागतीला रोटाव्हेटर जोडायचा, पेरणीला पेरणी यंत्र, काम झालं की सोडायचं. मॉड्यूलही तसंच, कर्नल चालू असतानाच जोडता येतं अन् काढताही येतं. मातीचा ओलावा मोजायला लोक आर्डुइनो बोर्ड वापरतात. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते. असा बोर्ड लिनक्सच्या लॅपटॉपला लावला की 'सीएच३४१' हे मॉड्यूल आपोआप जोडलं जातं.

धोका कुठे आहे?

रोटाव्हेटर मोडला तरी इंजिन शाबूत राहतं. इथे तसं नाही. साधं ॲप बिघडलं तर ते एकटं बंद पडतं, पण मॉड्यूल कर्नलच्या आतच चालतं. एका चुकीने अख्खं मशीन जागेवर थांबू शकतं, फाईलीही खराब होऊ शकतात. म्हणून ज्या लॅपटॉपवर घरचे कागद, हिशोब आहेत त्यावर प्रयोग करू नका. व्हर्च्युअलबॉक्स हे फुकट सॉफ्टवेअर टाकून त्यात वेगळं लिनक्स बसवा. ते बिघडलं तर पुसून नवं टाकता येतं.

सुरुवात कशी करायची?

१. आधी सी भाषा शिका, त्यातही पॉइंटर नीट समजून घ्या.
२. जीसीसी, मेक आणि चालू कर्नलच्याच व्हर्जनचे हेडर टाका. व्हर्जन जुळलं नाही तर गाडी इथेच अडते.
३. मॉड्यूलमध्ये दोन फंक्शन लिहा. एक जोडताना चालतं, दुसरं काढताना.
४. 'प्रिंटएफ' इथे चालत नाही, 'प्रिंटके' वापरा.
५. 'मेक' केल्यावर तयार झालेली फाईल 'इनस्मॉड'ने जोडा, 'एलएसमॉड'ने यादी बघा, 'आरएममॉड'ने काढा.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा स्क्रीनवर काहीच दिसलं नाही. वाटलं, चुकलं. अर्धा दिवस त्यातच गेला. नंतर कळलं, संदेश कर्नलच्या नोंदवहीत जातो आणि 'डीमेसेज' कमांड दिली की दिसतो.

आणखी एक सवय लावून घ्या. जोडताना जेवढी मेमरी घेतली, तेवढी काढताना परत करा. नाहीतर मशीन पुन्हा चालू करेपर्यंत ती अडकून राहते. उसनं घेतलेलं अवजार काम झाल्यावर परत करतो, तसंच हे.

यासाठी महागडा कोर्स लागत नाही. चालू स्थितीतला लॅपटॉप, थोडं इंटरनेट आणि चिकाटी पाहिजे. बारावी झालेल्या पोरापोरींनी एकदा करून बघायला हरकत नाही.