न टेकता कळणारी वीज

मुलांनो, वायरमनच्या खिशाला पेनासारखी एक वस्तू अडकवलेली तुम्ही पाहिली असेल. ते पेन नव्हे, टेस्टर आहे. त्याचे टोक चालू तारेजवळ नेले की दिवा लागतो आणि ‘पीं-पीं’ असा आवाज येतो. तारेला टेकवावे लागत नाही, तारेवरचे प्लॅस्टिकही सोलावे लागत नाही. आपण त्याला पेन-टेस्टर म्हणू.

जुना टेस्टर तर घरोघरी असतो. तो स्क्रूड्रायव्हरसारखा दिसतो. त्याचे टोक उघड्या फेजला टेकवायचे आणि मुठीवरच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवायचे. मग आतला निऑनचा दिवा तांबूस उजळतो. हा प्रवाह दिव्यातून, एका मोठ्या रोधातून आणि आपल्या शरीरातून जमिनीकडे जातो. रोधामुळे तो इतका थोडा असतो की आपल्याला जाणवत नाही. तरीही टोक उघड्या विजेपर्यंत न्यावेच लागते, आणि हात घसरला तर ठिणगी उडते.

पेन-टेस्टरला दुरून वीज कशी कळते? कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे न टेकता ओढून घेतो, हे तुम्ही करून पाहिले असेल. विद्युतप्रभाराचा परिणाम त्याच्या भोवतालच्या जागेतही असतो. त्याला विद्युतक्षेत्र म्हणतात. आपल्या घरात २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज येते. ती सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे तिची दिशा सतत बदलत राहते. तारेतले तांबे, मधले प्लॅस्टिक व हवा आणि टेस्टरच्या टोकातली धातूची पट्टी यांचे मिळून एक लहानसे धारित्र तयार होते. त्यातून एक अतिशय क्षीण प्रवाह टेस्टरमध्ये येतो आणि तो धरणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जातो. आतला इलेक्ट्रॉनिक परिपथ ही खूण ओळखतो आणि सेलच्या शक्तीवर दिवा लावतो. शरीर, जमीन आणि सेल, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याशी काम आहे.

आमच्या मोहल्ल्यातील वायरमनचाचा एका घरी पंखा उतरवायला गेले होते. पंखा बंद होता, बटणही बंद होते. घरमालक म्हणाले, “चाचा, बटण बंद आहे, चढा बिनधास्त.” चाचांनी पेन-टेस्टर पंख्याच्या तारेजवळ नेला, तर पीं-पीं! कोणीतरी बटण फेजच्या तारेत न बसवता न्यूट्रलमध्ये बसवले होते. अशा बटणाने पंखा थांबतो खरा, पण फेज पंख्यापर्यंत पोचलेलीच असते. जुन्या घरांत ही चूक अनेकदा सापडते. ती न शिवता कळली, हा या टेस्टरचा मोठाच उपकार. लांब वायर आत कुठे तुटली आहे, हेही तो दाखवतो. फेजकडून तारेवर फिरवत नेला की तुटल्या जागेनंतर त्याचा आवाज थांबतो. हे काम वायरमनचे आहे, तुम्ही करून पाहू नका.

घरमालकांना टेस्टर फार आवडला. ते म्हणाले, “मग हा वाजला नाही, की हात घालायला हरकत नाही!”

चाचा म्हणाले, “नाही साहेब. हा वाजला तर मी मागे सरतो. वाजला नाही, तर मी दुसरी तपासणी करतो.”

असे का? आता त्या तीन गोष्टी आठवा. सेल संपला, की टेस्टर मुका होतो. तार मात्र चालूच असते. वायरमन सुक्या लाकडी शिडीवर असेल, तर त्याच्या शरीराचा जमिनीशी संबंध कमी होतो आणि टेस्टर मंद पडतो किंवा वाजतच नाही. तार लोखंडी पाइपातून गेली असेल, तर धातू विद्युतक्षेत्र आतल्या आत अडवतो. भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागांच्या कारखान्यात मोटारीच्या स्टार्टरची पेटी पत्र्याची असते. आत तीन फेज असतात, दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. पण बंद पेटीबाहेर धरलेला टेस्टर गप्प! तीन फेजच्या तारा एकाच केबलमध्ये गुंफलेल्या असल्या, तरी त्या एकमेकींचा परिणाम बराचसा झाकतात. इन्व्हर्टरची बॅटरी किंवा छतावरचे सौर पॅनेल यांची वीज दिष्ट प्रवाहाची असते. तिची दिशा बदलत नाही, त्यामुळे साधा पेन-टेस्टर ती ओळखतच नाही. सौर पॅनेलांच्या रांगेत मात्र शेकडो व्होल्ट असू शकतात.

कधी उलटेही होते. एकाच पाइपातून चालू तारेशेजारून दूरवर गेलेली बंद तार पाहून टेस्टर वाजतो. शेजारणीचा परिणाम तिच्यावर पडलेला असतो. अशा वेळी टेस्टर खोटे बोलला, तरी नुकसान फक्त वेळेचे होते. न्यूट्रलची गोष्ट अधिक फसवी आहे. तिच्यातून प्रवाह जात असतो, पण जमिनीच्या मानाने तिचा विद्युतदाब जवळजवळ शून्य असतो, म्हणून टेस्टर गप्प राहतो. तीच न्यूट्रल वाटेत तुटली, की पंख्याकडचा तिचा तुकडा फेजइतकाच जिवंत होतो.

पंख्याचे काम चाचांनी कसे केले, ते ऐका. प्रथम त्यांनी चालू असलेल्या सॉकेटजवळ टेस्टर धरला. तो वाजला, म्हणजे सेल ठीक होता. मग मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला, कोणी न सांगता परत लावू नये म्हणून. पंख्याच्या तारेजवळ टेस्टर धरला, तो वाजला नाही. खाली उतरून शेजारच्या घरातील चालू सॉकेटजवळ पुन्हा धरला, तेव्हा वाजला. मधल्या वेळेत तो बिघडला नव्हता, एवढे कळले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी पिशवीतून होल्डरला दोन तारा जोडलेला बल्ब काढला. तोही शेजारी लावून पाहिला, चांगला पेटत होता. मग त्याच्या तारा पंख्याच्या फेज आणि न्यूट्रलला, नंतर फेज आणि अर्थिंगला लावल्या. अशी तपासणी मीटरनेही करता येते.

“चाचा, एवढा वेळ?” घरमालकांनी विचारले.

चाचांनी बल्बाकडे पाहिले. तो लागला नव्हता. मग त्यांनी पाना हातात घेतला.