शिखर म्हणजे अर्धीच वाट

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील बारी गावातून सुट्टीच्या दिवशी पहाटेच कळसूबाईकडे निघणाऱ्यांची रीघ लागते. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वोच्च शिखर. वाटेत लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचे मंदिर. चढायला तीन-चार तास लागतात आणि सगळी तयारी चढाईचीच केलेली असते. पाय घसरणे, मुरगळणे, गुडघा धरणे हे प्रकार मात्र उतरताना जास्त होतात.

चढताना धाप लागते, म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतारावर श्वास मोकळा होतो आणि श्रम संपले असे वाटते. प्रत्यक्षात मांडीचे पुढचे स्नायू तेव्हा ब्रेकचे काम करत असतात. चढताना ते आखडून जोर लावतात. उतरताना ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात. या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. थकलेले पाय थरथरू लागतात, पाऊल नेमके पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते, तेही त्यामुळेच.

यावर उपाय साधे आहेत. उतारावर धावू नये, पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, हातात काठी घ्यावी. आदल्या महिनाभरात जिने चढण्याबरोबर उतरण्याचाही सराव करावा. निम्मे पाणी परतीसाठी राखावे आणि घाम खूप येत असेल तर नुसत्या पाण्याऐवजी अधूनमधून ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी प्यावे. परतण्याची वेळ निघतानाच ठरवावी. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरावे.

चाळिशीनंतर, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे इथे छातीत दडपण आले, जबडा किंवा हात दुखू लागला, थंड घाम सुटला तर ‘उंचीमुळे होतंय’ किंवा ‘गॅस झाला’ म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच बसावे, सोबत्यांना सांगावे, १०८ क्रमांकावर कळवावे. वर गेलेले प्रत्येक पाऊल मदतीपासून दूर नेते.

घरी परतल्यावर अंग दुखते म्हणून लगेच वेदनाशामक गोळी घेऊ नये. शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा अनेक गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. आधी पाणी, जेवण, झोप. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली किंवा स्नायू सुजून असह्य दुखू लागले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.